कापड ओलं करून बघा

सकाळी ६:१५

नव्या कापडाचं सिंगलेट शिवून झालं की ते आधी पळणाऱ्यांच्या अंगावर चढवायचं, हा आमच्याकडचा रिवाज. रंकाळ्यावर रोज पळणारी काही मंडळी हौसेनं ते काम करतात. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनची त्यांची तयारी चालू आहे आणि सिंगलेट फुकट मिळतंय, त्यामुळे तक्रार नसते. अट एकच: पळून आल्या आल्या, न पिळता, न झटकता, अंगातून काढून झिपच्या पिशवीत घालायचं आणि माझ्या हातात द्यायचं. स्कूटीच्या डिकीत स्वयंपाकघरातला छोटा काटा असतो. कट्ट्यावर बसून मी ओल्या कपड्यांची वजनं लिहून घेते. फिरायला आलेले आजोबा-आजी हे काय चाललंय म्हणून वळून वळून बघतात.

आज दोन कापडं आहेत. दोन्ही शंभर टक्के पॉलिएस्टर, दोन्ही ११० जीएसएमची, म्हणजे चौरस मीटरला ११० ग्रॅम. एक साधं सिंगल जर्सी, दुसरं राइस निट, तांदळाच्या दाण्यांसारखी उठावाची वीण असलेलं. काट्यावर दोघांत फारसा फरक नाही. पण सिंगल जर्सी घालून पळालेला म्हणाला, "ताई, लई चिकटतंय ओ पाठीला." राइस निटवाल्यानं कापडाचा विषयच काढला नाही, गुडघ्याबद्दल बोलत बसला. माझ्या वहीत हाच राइस निटचा पहिला गुण.

पाणी किती धरलं हे काटा सांगतो. कुठं धरलं, हे अंगच सांगतं. उठावाच्या विणीमुळे कापड कातडीला ठिपक्याठिपक्यांनी टेकतं आणि मधून वारं फिरतं. घाम निथळून जमिनीवर पडला तर त्याचा गारव्याला काही उपयोग नाही, तो अंगावरून उडून जायला हवा. एक लिटर घाम उडाला की शरीरातली साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. कोल्हापूरच्या थंडीतल्या कोरड्या हवेत हे कुठल्याही बऱ्या कापडात होतं. हीच मंडळी मुंबईत समुद्राकाठी पळतील तेव्हा हवाच दमट असणार, तिनं आणखी पाणी घ्यायचं कुठून? कापड घाम पसरवेल, पण तो उडणार नाही. मुंबईसाठी म्हणून मी कापडाच्या जाहिरातीपेक्षा त्यातली भोकं मोजते. पाठीला जाळी आणि काखेला मोठा कट दिला की निम्मं काम झालं.

सकाळी ८:४५

गोकुळ शिरगावच्या गोदामात सुरतचे रोल येऊन पडलेत. इथून तीसेक किलोमीटरवर इचलकरंजी. मी तिथंच टेक्स्टाइल शिकले, नातेवाइकांत निम्म्यांचे माग आहेत. तरी खेळाच्या कपड्यांसाठी तिथून मीटरभर कापड येत नाही. तिथं मागावर उभ्या-आडव्या धाग्यांचं कापड विणतात. आम्हाला लागतं फंद्यांचं, म्हणजे निट. पॉलिएस्टरचं निट सुरत-लुधियानाकडून येतं, सुती हवं असेल तर तिरुपूर. पाहुण्यांना हे दर लग्नात नव्यानं समजावून सांगावं लागतं.

पहिलं काम जीएसएम कटरचं. गोल डबीसारखं यंत्र, खाली ब्लेडं. कापडावर दाबून फिरवलं की बरोबर १०० चौरस सेंटिमीटरची चकती कापून निघते. तिचं ग्रॅममधलं वजन गुणिले शंभर, झाला जीएसएम. चकती रोलच्या तोंडाशी एक, आत गेल्यावर एक, आणि काठापासून लांब. काठाशी कापड दाट असतं आणि फसवतं.

मागवलं होतं १४०. चकती भरली १.५५ ग्रॅम. दुसरीही तेवढीच.

गोदामातला पोरगा म्हणाला, "मॅडम, जाडच आलंय की, बरं झालं." बरं काय झालं? निट कापड किलोवर विकतात. ६० इंची पन्ह्याचं १४० जीएसएमचं कापड किलोला साधारण ४.७ मीटर येतं, १५५ चं ४.२ मीटर. दोनशे किलोच्या लॉटमध्ये नव्वद मीटरच्या आसपास कापड कमी आलं. जर्सीला पाऊण मीटर धरलं तरी शंभराहून जास्त जर्स्या हवेत गेल्या, आणि पैसे मात्र पूर्ण. जे व्यापारी मीटरवर विकतात त्यांच्याकडून कापड नेमकं हलकं येतं. त्यांना कुणी लबाड म्हणत नाही. पाच टक्के इकडं-तिकडं चालतं हा बाजाराचा नियम आहे आणि ते पाच टक्के कुठल्या बाजूला पडायचे हे विकणाऱ्याला बरोबर कळतं. हे मात्र पाचाच्या बरंच पुढं गेलं. फोटो काढून एजंटला पाठवले.

मग उजेडाच्या टेबलावर रोल उलगडून दोष बघायचे. चार गुणांची पद्धत: तीन इंचांपर्यंतच्या दोषाला एक गुण, सहापर्यंत दोन, नऊपर्यंत तीन, त्यापुढं चार. तेलाचा डाग, सुटलेला फंदा, सुईची उभी रेघ. शंभर चौरस यार्डाला चाळीसच्या वर गुण गेले की रोल परत. आजचे पास झाले.

सकाळी १०:३०

प्रयोगशाळा म्हणावी असं आमच्याकडं फार नाही: एक टेबल, ड्रॉपर, स्टॉपवॉच, लहान ओव्हन, वॉशिंग मशीन आणि खिडकीत वाळत घातलेले नमुने. मोठ्या चाचण्या बाहेरच्या लॅबला जातात. पण निम्म्या कापडांना बाद करायला ड्रॉपर पुरतो.

कापड रिंगमध्ये ताणून आतली बाजू वर करायची, एक थेंब सोडायचा आणि घड्याळ चालू. चांगल्या कापडात थेंब टेकतो न टेकतो तोच पसरून दिसेनासा होतो. वाईटात तो चमकत गोल बसून राहतो. बाजारात ज्याला त्याला ड्रायफिट म्हणतात. त्यातल्या कितीतरी कापडांवर थेंब असा बसून राहिलेला मी पाहिलाय.

पॉलिएस्टरला मुळात पाणी नको असतं. सामान्य हवेत कापूस स्वतःच्या वजनाच्या साधारण आठ टक्के ओल धरून असतो, नायलॉन चारेक टक्के, पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. मग घाम ओढतो कोण? धाग्यांमधल्या बारीक फटी. कंदिलाच्या वातीत तेल चढतं तसा घाम त्या फटींमधून सरकतो. म्हणून धागा विचारताना दोन आकडे विचारायचे. ७५/३६ म्हणजे ७५ डेनियरचा धागा ३६ तंतूंचा, ७५/७२ म्हणजे तेवढ्याच जाडीत ७२ तंतू. तंतू दुप्पट तर फटी जास्त आणि बारीक, पाणी लांबवर चढतं, हातालाही मऊ. महाग अर्थातच. आणखी एक वाट म्हणजे तंतूच गोल न काढता खाचांचा काढायचा. ड्यूपाँटचं कूलमॅक्स १९८० च्या दशकात याच वाटेनं आलं.

तिसरी वाट सोप्यातली सोपी. साध्या कापडाला पाणी ओढणारं फिनिश चोपडायचं. दुकानात थेंब टाकून दाखवायला हे झकास. आज टेबलावर असलेला नमुना याच जातीचा आहे असा मला पहिल्यापासून वहीम. धुण्याआधी थेंब दोन सेकंदांत गायब. मशीनला साध्या पावडरीत वारंवार धुऊन झाल्यावर आज तोच थेंब मण्यासारखा बसला. मी जेवणाच्या डब्याकडं एकदा बघून आले, थेंब होता तिथंच होता.

फिनिश वाईट असतं असं नाही. चांगल्या मिलचं पुष्कळ धुण्यांना टिकतं. पण आपल्याकडं जर्सी धुतली जाते कशी, तर गरम पाण्यात भिजवून, दगडावर घासून, वर सुगंधी कंडिशनर ओतून. त्या कंडिशनरचा थर धाग्यांवर बसतो आणि फटी बुजवतो. आम्ही लेबलवर 'कंडिशनर वापरू नका' असं छापतो. लेबल वाचणारी आई मला अजून भेटलेली नाही.

दुपारी १२:००

मुलींच्या कबड्डी संघाचे सर आले, बरोबर तिघी खेळाडू. सरांनी नमुन्यांच्या गठ्ठ्यातून पहिल्या मिनिटाला सर्वांत मऊ आणि तलम कापड उचललं. सगळे तेच करतात. कापड कोरडं असताना बोटांनी निवडायचं आणि वापरायचं घामानं चिंब असताना, कुणी मागून ओढत असताना. दुकानातला स्पर्श आणि मैदानावरची गरज यांचा काही संबंध नाही, हे पटवण्यात माझा अर्धा दिवस जातो.

मी ते कापड सर्वांत उंच मुलीच्या हातात दिलं आणि नी-कॅप लावायला सांगितलं. तिनं वेल्क्रो कापडावरून नुसती नेली तर टर्र करून धागे उपसून आले. जाळीच्या तलम कापडाची कबड्डीत हीच गत. पकड होताना सात जणींच्या नी-कॅप आणि नखं एकाच जर्सीवर असतात. तिथं मी इंटरलॉक देते, दोन्ही बाजूंनी सारखं, घट्ट विणीचं, १४० च्या आसपास. वजनानं जरा जास्त, वारा जरा कमी, पण खेचलं तर जागेवर परत येतं आणि फंदा निसटून उसवत जात नाही. लॅबकडून याची बर्स्टिंगची चाचणी करून घेतो: कापडाखाली रबराचा पडदा फुगवत न्यायचा आणि कापड किती दाबाला फाटतं ते बघायचं. काखेच्या शिवणीचा तुकडा वेगळा पाठवायचा, कारण जर्सी फाटते ती तिथून.

"खाली पांढरी शॉर्ट घेऊया मॅडम," सर म्हणाले. "मॅटवर उठून दिसत्या."

मुली एकमेकींकडं बघायला लागल्या. शेवटी एकजण म्हणाली, "सर, पांढरी नको." का, ते सरांनी विचारलं नाही, समजले. मी तरी तेवढ्यात सांगून टाकलं की विंबल्डनसारख्या पांढऱ्याच्या सोवळ्यातल्या स्पर्धेनंही २०२३ पासून बायकांना आत गडद शॉर्ट घालायला मुभा दिलीय. ओलं पांढरं पॉलिएस्टर आरपार दिसतं हे तर वेगळंच. काळी शॉर्ट ठरली, आत काळी टाइट.

टाइटसाठी फोर-वे लायक्रा, २२० जीएसएम. तिचा नमुना ताणून मी तळहातावर धरते. रेषा दिसल्या तर रद्द. वाकल्यावर, बसल्यावर कापड दीडपट ताणलं जातं आणि दुकानात अपारदर्शक वाटलेलं तिथं उघडं पडतं. नायलॉनचं घ्यावं असं माझं मत. घासायला चिवट, अंगाला मऊ. सरांचं बजेट पॉलिएस्टरचं. भाव कळल्यावर मुलीही पॉलिएस्टर म्हणाल्या. काळा रंग घामानं सुटून वरच्या जर्सीच्या कडेला लागतो का, हे मात्र बघून घेणार. त्यासाठी लॅबमध्ये खोटा घाम करतात, मीठ आणि हिस्टिडीन घालून, एक किंचित आम्ल, एक किंचित अल्कली. त्यात भिजवलेलं कापड पांढऱ्या पट्टीशी दाबून ३७ अंशांवर चार तास ठेवतात.

दुपारी १:३०

डबा. भाकरी, वांगं. जेवताना एजंटचा फोन, बाटल्यांपासून केलेलं पॉलिएस्टर घ्या म्हणून. २०१५ च्या विश्वचषकाआधी भारतीय क्रिकेट संघाची जर्सी अशा धाग्याची आली, एका पोशाखाला सरासरी ३३ बाटल्या, तेव्हापासून प्रत्येक एजंटच्या तोंडी बाटल्या आहेत. कापड म्हणून मला काही अडचण नाही, हाताला ओळखूही येत नाही. लॉटचं सर्टिफिकेट दाखव म्हटलं की फोन लवकर संपतो.

दुपारी २:१५

प्रिंटिंगमध्ये बोलावणं. एका फुटबॉल संघाच्या लाल जर्स्या, पाठीवर पांढरे आकडे. चार दिवसांपूर्वी शुभ्र होते, आज दहा नंबर गुलाबी आणि सात नंबर त्याहून गुलाबी. कोल्हापुरात पेठेच्या संघाची जर्सी म्हणजे थट्टेचा विषय नाही. गुलाबी आकडा दिसला तर गल्लीत फिरणं मुश्कील.

चूक छपाईवाल्याची नाही. पॉलिएस्टर रंगवतात ते डिस्पर्स रंगांनी आणि त्यांचा गुण असा की उष्णता मिळाली की ते वाफ होऊन धाग्यातून बाहेर पडतात. आकड्याची फिल्म दीडशेच्या वर अंशांना दाबली, लाल रंग हलला आणि वरच्या मऊ पांढऱ्या फिल्ममध्ये जाऊन बसला. लगेच दिसत नाही. गठ्ठा बांधून गरम गोदामात ठेवला की हळूहळू चढतो.

गंमत म्हणजे सब्लिमेशन छपाई उभी आहे ती याच गुणावर. कागदावर छापलेलं चित्र दोनशे अंशांना कापडावर दाबायचं, रंग वाफ होऊन धाग्यात शिरतो आणि कायमचा बसतो. वर थर नाही, भेगा नाहीत, वारा अडत नाही. मग आकडा चिकटवण्यापेक्षा पांढरंच कापड घेऊन लाल रंग छापावा आणि आकड्याची जागा कोरी सोडावी. ती गुलाबी व्हायला तिथं काही नसतंच. तोटा एक: रंग वरच्या बाजूच्या धाग्यांतच राहतो, घट्ट कपडा ताणला की मधून पांढरं डोकावतं. म्हणून सैल जर्सी सब्लिमेशनची, घट्ट टाइट रंगवलेल्या कापडाची. आणि कापसावर हे सगळं जमतच नाही, दोन धुण्यांत चित्र विटतं.

लाल कापडावरच आकडे हवेत असं गिऱ्हाईक अडून बसलं तर रंग अडवणारी, मागं करडा थर असलेली फिल्म वापरायची. ती लावण्याआधी तुकडा कापडाला चिकटवून, वर वजन ठेवून, रात्रभर ओव्हनमध्ये. सकाळी गुलाबी तर कापडच बदला. या जर्स्यांचे आकडे काढून ही दुसरी फिल्म लावायची ठरलं.

दुपारी ४:००

कटिंग मास्तर आणि मालक यांचं वाजलेलं. लायक्राचे रोल सकाळी उघडलेत, मालकांना संध्याकाळी कापून हवेत. मास्तर म्हणतात, उद्या. मला मध्यस्थीला बोलावलं, पण मी मास्तरांच्या बाजूची आहे हे दोघांनाही माहीत.

रोल गुंडाळताना कापड ताणलेलं असतं. उलगडून सैल पसरलं की ते आपल्या मूळ मापाला हळूहळू परत येतं. त्याला चोवीस तास द्यायचे असतात. मास्तरांनी सकाळीच खडूनं मीटरभर अंतरावर दोन रेघा मारून ठेवल्या होत्या. आता पट्टी लावली तर मधलं अंतर ९७ सेंटिमीटर. अजून रात्र जायची होती. आज कापलं असतं तर उद्या मिडियमच्या जागी स्मॉल निघाला असता. मालक पट्टीकडं बघून न बोलता निघून गेले. मास्तर चहा मागवतो म्हणाले.

चहा येईपर्यंत त्यांनी सुया दाखवल्या. निटला बॉल पॉइंट सुई, टोक गोल, फंद्याला न टोचता बाजूला सारणारी. टोक जरा जरी बोथटून खरबरीत झालं की फंदा कापला जातो. शिवताना काही दिसत नाही. पहिल्या धुण्यात शिवणीच्या कडेनं भोकांची रांग उगवते. नव्या पाळीला मास्तर प्रत्येक सुईचं टोक जुन्या नायलॉनच्या मोज्यावरून फिरवतात. धागा अडकला तर सुई डब्यात. लाखाचं कापड निवडा आणि दोन रुपयांच्या सुईनं घालवा, असं ते माझ्याकडं बघून म्हणतात. मी तरी काय बोलणार.

संध्याकाळी ५:३०

राधानगरीकडचा एक मुलगा वडिलांसह आला. रायफल शूटिंग शिकतोय. २०२४ मध्ये पॅरिसला कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं ५० मीटर थ्री पोझिशनला ब्राँझ घेतलं, तेव्हापासून या बाजूच्या पोरांना रायफलीचं वेड आहे. त्याला शूटिंग जॅकेट हवं होतं, हलकं आणि लवचीक.

समजावून सांगितलं की त्या खेळात सगळं उलटं. जॅकेट कॅनव्हास-चामड्याचं, ताठ, शरीर न हलू देणारं. ते इतकं कामाला येतं की आंतरराष्ट्रीय महासंघानं जाडीवर मर्यादा घातलीय, एका थराला २.५ मिलिमीटर, आणि ताठरपणाही स्पर्धेआधी यंत्रावर मोजतात. पोहण्यातही असंच झालं होतं. आपला वीरधवल खाडे ज्या बीजिंग ऑलिम्पिकला २००८ मध्ये उतरला, तिथं स्पीडोच्या एलझेडआर रेसरनं धुमाकूळ घातला. पॉलियुरेथेनचे पट्टे, शिवणीऐवजी जोडलेले सांधे, शरीर आवळून पाण्यात तरंगवणारा पोशाख. १ जानेवारी २०१० पासून तो बंद झाला आणि पुन्हा कापडाचेच पोशाख आले. कापडानं खेळाडूला किती मदत करावी हे कधीकधी असं नियमावलीत लिहावं लागतं. मुलाला सगळं पटलं. जॅकेट आम्ही शिवत नाही हे कळल्यावर वडिलांचा चेहरा उतरला. आत घालायचे दोन टी-शर्ट मात्र नेले, सुती मिश्रणाचे. उभा राहून नेम धरणाऱ्याला मॅरेथॉनचं कापड कशाला?

संध्याकाळी ६:४५

दिवसाचं कागदकाम. कबड्डीची ऑर्डर लिहायला घेतली. पॉलिएस्टर इंटरलॉक, ७५/७२, पांढरं, सब्लिमेशनला चालणारं. १४० जीएसएम, पाच टक्के कमी-जास्त. पन्हा ६०, कामाचा ५८. पाणी ओढण्याची चाचणी वीस धुण्यांनंतरच्या तुकड्यावर, आधीच्या नको. आणि शेवटी नवीन ओळ: भाव मीटरवर.

दहा मिनिटांत एजंटचा फोन. "मॅडम, निट तो सब किलो में ही लेते हैं."

"सकाळचे फोटो पाहिलेत ना?"

पाहिले होते. आधी मिलचं यंत्र जुनं आहे म्हणाला, मग पाऊस, मग दोन्ही. शेवटी म्हणाला की मीटरवर देतो, पण मीटरला तीन रुपये वाढवून. मी दीड म्हटलं. तो शेटला विचारून सांगणार आहे. वजनापायी परत जाणाऱ्या सकाळच्या रोलचं भाडं कोण देणार, यावर अजून बोलणंच झालेलं नाही.